ठासणीच्या पिस्तुलाची नवी नक्कल: चालवायला घ्यावी की जपून ठेवायला?

खाडीकाठचा (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. मी बोटीवर इंजिनरूममध्ये असतो, सहा महिने समुद्रात आणि उरलेले घरी. ह्या खेपेला बोट इटलीत जिनोव्हाला लागली होती, अर्धा दिवस मोकळा मिळाला म्हणून फिरत फिरत एका बंदुकांच्या दुकानात शिरलो आणि तिथे काचेमागे ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू आणि गोळी ठासून भरायची पिस्तुलं मांडलेली दिसली. जुनी नव्हेत, नवी बनवलेली, पण घडण दोनशे वर्षांपूर्वीची. एक टोपीचं होतं (घोड्याखाली छोटी स्फोटक टोपी लावून बार काढायचं), आठकोनी नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, चाप ओढल्यावर घोडा पडतो तो आवाज अगदी आमच्या घरच्या बंदुकीसारखा. दुकानदाराने हातात दिलं आणि खरं सांगतो, खाली ठेववेना.

आमच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक आहे, शेती संरक्षणाचा परवाना, आता बाबांच्या नावावर. लहानपणी आजोबा ती ओटीवर घेऊन बसायचे, गरम पाणी ओतून नळी धुवायचे, काळं पाणी निघायचं आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास यायचा, मग खोबरेल लावून परत माजघरात खुंटीला. मला वाटतं ते सगळं त्या दुकानात एकदम वर आलं.

दुकानदार म्हणाला की एकबारी ठासणीच्या नकलेला त्यांच्याकडे परवाना लागत नाही, सज्ञान असलं की झालं. मी घेतलं नाही, कारण आपल्याकडचं काय ते माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला परत तिकडे जाणार आहोत.

तर प्रश्न असे. घेतलं तर ते चालवायला घ्यावं की नुसतं संग्रहाला? बाबांच्या परवान्यावर बसेल का? आणि आपल्या दमट हवेत अशी वस्तू टिकते का? बायको म्हणते भिंतीवर टांगायचं असेल तर शोभेचं घे, बार काढायचा असेल तर नीट शीक, मधलं काहीतरी करू नकोस. तिचं म्हणणं पटतंय पण मन दोन्हीकडे ओढतंय.

रानवाटेवरचा (लांजा)

सगळ्यात आधी एक कर, परवान्याचं नीट समजून घेतल्याशिवाय ते घेऊन बोटीवर चढू नकोस. तिकडे बिनपरवान्याचं आहे ही गोष्ट तिकडेच संपते. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात बार निघू शकणारं ठासणीचं पिस्तूल हे शस्त्रच आहे, मग ते काल बनवलेलं असो की परवा. बाहेरून आणायला कलम १० खाली वेगळा परवाना लागतो. बंदरावर कस्टमवाल्यांना तू कितीही सांग की ही नक्कल आहे, ते बघणार नळी आतून मोकळी आहे का आणि कान (दारू पेटवायचं भोक) उघडा आहे का.

बाबांच्या परवान्यावर बसणार नाही. तो परवाना त्या एका बंदुकीचा आहे, त्यावर तिचा नंबर आहे, आणि कारण लिहिलंय शेती संरक्षण. कायद्यात पीक राखायला ठासणीची बंदूक असा स्पष्ट उल्लेख आहे, पिस्तुलाने कोणी डुकरं हाकत नाही. पिस्तुलाचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून वेगळा काढावा लागेल, पोलिसांची चौकशी होईल, २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त २ च शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी ३ होती. म्हणजे उद्या बाबांची बंदूक वारशाने तुझ्या नावावर आली की एक जागा तिथे गेली, हे आत्ताच धरून चाल.

मी हे सांगतोय कारण माझ्याकडे स्वतःची ठासणीची आहे, नाचणी आणि भातासाठी. लोकांना वाटतं बंदूक आहे म्हणजे मजा. अरे, निवडणूक लागली की ती उचलून पोलीस ठाण्यात जमा करायची, मग ऐन कापणीच्या दिवसांत डुकरं शेतात आणि बंदूक ठाण्याच्या खोलीत. नूतनीकरणाच्या तारखा पाळा, कागद सांभाळा. डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी. माझी बंदूक वर्षभरात वाजते ती बहुतेक वेळा नुसत्या आवाजासाठी, केलडी (माकडं) आणि डुकरं पळावीत म्हणून. तरी मी ती सोडणार नाही, कारण तिच्याशिवाय माझ्या नाचणीचं एक कणीस घरात येत नाही. तुझ्या पिस्तुलाला असं काम नाही, त्यामुळे एवढी यातायात तू कशासाठी करणार हे आधी ठरव.

चिपळूणची चिमणी (सध्या इंग्लंड)

मला ह्यावर बोलायचंच आहे कारण मी गेली चार वर्षं हेच करतेय. माहेर चिपळूणजवळ, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे. इकडे १९९७ च्या कायद्याने साधी पिस्तुलं जवळपास बंद झाली, पण ठासणीची त्यातून वगळली, त्यामुळे क्लबात पिस्तूल चालवायचं म्हटलं की बरेच जण ठासणीकडेच वळतात. मीही तशीच वळले.

दादा, तुमच्या प्रश्नाला उत्तर माझ्या मते असं आहे की चांगली नक्कल ही चालवण्यासाठीच जन्माला येते. अस्सल जुनं पिस्तूल असतं ना, दीडदोनशे वर्षांचं, त्याच्या नळीत काय दुखणं आहे ते बाहेरून कळत नाही, लाकूड वाळलेलं, स्प्रिंग तुटली तर कोण बनवून देणार, आणि एक बार चुकला तर कुणाच्या तरी हातची कारागिरी कायमची गेली. नवी नक्कल पोलादी नळीची असते, चाचणी झालेली, भाग बदलून मिळतात. तुम्ही तिला घाबरत घाबरत हात लावत नाही. तीच तिची किंमत आहे. काचेत ठेवली की ती कारखान्यात बनलेली एक वस्तू राहते.

इकडे कायदासुद्धा गमतीचा आहे, अस्सल जुनं असेल आणि नुसतं शोभेला ठेवायचं असेल तर परवाना लागत नाही, पण नवी नक्कल असेल तर लागतो, भले दोन्ही दिसायला जुळी असोत. वर काळी दारू ठेवायचा पोलिसांचा वेगळा कागद.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, कारण बहुतेकांच्या डोळ्यासमोर सिनेमातला धूर असतो. ठासणीच्या जागतिक स्पर्धांमध्ये टोपीच्या एकबारी पिस्तुलाचा प्रकार २५ मीटरवर असतो, उभं राहून, एका हाताने. ३० मिनिटांत १३ बार, त्यातले चांगले १० मोजतात. जुनी अस्सल आणि नवी नक्कल ह्यांचे निकाल वेगळे लावतात, म्हणजे नकलेला तिथे स्वतःचं मानाचं पान आहे. टोपीच्या पिस्तुलाच्या प्रकाराला कुखेनरॉयटर म्हणतात, चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) पिस्तुलाला कोमिनाझ्झो आणि तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) जपानी पिस्तुलाला तान्झुत्सु. तोड्याचं चालवणारा माणूस मनगटाला जळती वात गुंडाळून उभा असतो, ते बघून मला किल्ल्यावरच्या गोलंदाजांची जामगी आठवली.

१३ बार ३० मिनिटांत म्हणजे एका बाराला सव्वादोन मिनिटं. त्यात मापलेली दारू कुपीतून ओतायची, घरूनच एकेक भार वेगळ्या कुपीत भरून नेलेला असतो, डब्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही कारण आत ठिणगी राहिली असेल तर डबाच पेटेल. मग तेल लावलेली कापडाची चकती, त्यावर शिशाची गोळी, गजाने सारख्या दाबाने ठासायची, टोपी अगदी शेवटी लावायची. ठासताना एकदा जोर जास्त, एकदा कमी झाला की गोळी वरखाली जाते. मला पहिलं वर्षभर वाटायचं माझा हात हलतोय, क्लबातल्या एका आजोबांनी मागे उभं राहून बघितलं आणि म्हणाले तुझा हात ठीक आहे, तुझं ठासणं रोज वेगळं आहे. नवं रिव्हॉल्व्हर असेल तर आणखी एक गंमत, दारू आणि गोळीच्या मधली जागा भरायला लोक रवा वापरतात. उपम्याचा रवा! माझी आई फोनवर ऐकून अवाक झाली.

आणि तुम्ही लिहिलंत ना गरम पाणी आणि कुजक्या अंड्याचा वास, अगदी तेच. काळ्या दारूत गंधक असतं, जळल्यावर मागे जो थर राहतो तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि लोखंड खातो. इकडच्या थंड हवेतसुद्धा मी त्याच संध्याकाळी गरम पाणी आणि साबणाने धुते, पूर्ण वाळवते, मग तेल. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर नळीत तांबूस डाग दिसतोच. देवगडला जून ते सप्टेंबरच्या पावसात तुम्ही बोटीवर असताना हे कोण करणार, हा प्रश्न मी परवान्याच्याही आधी विचारीन.

पोटमाळा (रत्नागिरी)

चिमणीताईंचं म्हणणं मनापासून पटलं तरी संग्राहकांची बाजू मांडतो, कारण नक्कल म्हणजे कमी दर्जा असं समजून बरेच जण नको त्या गोष्टीत पैसे घालतात.

आधुनिक नकलांनाही आता स्वतःचा इतिहास झालाय. अमेरिकेत यादवी युद्धाची शंभरी जवळ आली तेव्हा १९५० च्या दशकाच्या शेवटी कोल्ट ह्या अमेरिकन कंपनीच्या १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरच्या नकला इटलीत बनायला लागल्या, ब्रेशियाजवळच्या गार्दोने वाल ट्रॉम्पिया ह्या गावात, जिथे शेकडो वर्षं नळ्या घडवण्याचा धंदा आहे. तिथला पेडरसोलीचा कारखाना १९५७ चा, उबेर्टीचा १९५९ चा. मग खुद्द कोल्टनेच १९७१ ते १९८२ ह्या काळात आपल्या जुन्या घडणीची रिव्हॉल्व्हरं पुन्हा काढली, ती आज लोक शोधून शोधून घेतात. त्यामुळे नक्कल जमवणं चुकीचं नाही, फक्त काय जमवतोय ते माहीत पाहिजे. आज दुकानातून घेतलेलं नवं पिस्तूल उद्या दुप्पट किमतीला जाईल ह्या आशेवर घेऊ नका, तसं होत नाही.

नळीवरचे शिक्के वाचायला शिका. इटलीत प्रत्येक नळी सरकारमान्य चाचणीघरातून जाते, जास्त भाराचा बार काढून बघतात आणि मग शिक्का मारतात. त्याच्या शेजारी छोट्या चौकटीत दोन अक्षरं असतात, ती चाचणीच्या वर्षाची खूण. १९७५ साठी एए, १९७६ साठी एबी असं पुढे. हे कळलं की कोणी नक्कल घेऊन ती मातीत पुरून, ॲसिड लावून, शिक्के कानशीने घासून पेशवाईतलं पिस्तूल म्हणून पुढ्यात ठेवली तरी फसायला होत नाही. मी स्वतः एकदा फसलोय, मुंबईत जुन्या बाजारात घेतलं, वडिलांना कौतुकाने दाखवलं, नंतर एका जाणकाराने नळीखालचं लाकूड काढलं तर आत अर्धवट घासलेला शिक्का. पैशापेक्षा वडिलांसमोर जे वाटलं ते जास्त लागलं.

अस्सलच हवं असेल तर दोन कायदे लक्षात ठेवा. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, आणि दुरुस्त करूनही बार न निघणाऱ्या शस्त्रांना सूट आहे. ह्यातलं शेवटचं फार महत्त्वाचं, जुनं आहे पण चालतंय तर सूट नाही. आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो.

घेण्याआधी एकदा पुण्याला केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तासभर नुसते उभे राहून हत्यारं बघा. मूठ कशी वळते, लाकूड आणि लोखंड कसं भिडतं, हे डोळ्यात बसलं की दुकानातली निम्मी पिस्तुलं आपोआप नको वाटायला लागतात.

तात्या मालवणकर

माका इतक्या काय कळत नाय, पण एक सांगतंय. आमच्या वाडीत एकान शोभेचा पितळी पिस्तूल आणल्यान, भोक पाडल्यान आणि शिमग्याक दारू भरून बार काढूक गेलो. नळी फुटली. अंगठो गेलो. अजून माणूस डाव्या हातान जेवता. तेव्हा शोभेचा ता शोभेचाच ठेवा रे पोरांनो.

रानवाटेवरचा (लांजा)

तात्यांनी सांगितलं ते खूप महत्त्वाचं आहे. आपल्याकडे बनलेली चकमकीची पिस्तुलं परदेशी लोकसुद्धा घेतात, पोशाख घालून जुन्या लढाया उभ्या करणारे, आणि बरीचशी कान न पाडताच पाठवतात म्हणजे ती शस्त्रात धरली जाऊ नयेत. त्या नळीला चाचणीचा शिक्का नसतो. पत्रा गुंडाळून जोडलेली आहे की अखंड नळी आहे ते बघून कळत नाही. घरी ड्रिल घेऊन कान पाडणं म्हणजे हात घालवणं तर आहेच, वर शस्त्र कायद्याचं कलम ६, नकली शस्त्राचं खऱ्यात रूपांतर करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. खेळणं होतं साहेब, हे ठाण्यात कोणी ऐकून घेत नाही.

निशाण्यावर नजर (कुडाळ)

इतकं सगळं वाचून मला एक साधा रस्ता सुचवावासा वाटतो. तुम्हाला नेमकं काय आवडतं, निशाणा की ते यंत्र? निशाणा असेल तर एअर पिस्तूल. ४.५ मिमीची आणि २० ज्यूलच्या आतली हवेची पिस्तुलं परवान्याशिवाय घेता येतात, ओळखपत्र द्यायचं. माझी मुलगी सातवीत असताना सुरू केलं तिने. १० मीटरवर कागद, मधला दहाचा गोल ११.५ मिमीचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. स्पर्धेत ६० बार ७५ मिनिटांत. एका हाताने, उभं राहून, म्हणजे ताईंनी सांगितलं तसंच. श्वास, चाप, मनगट, सगळं तेच शिकायचंय. आणि घाट चढून गेलं की कोल्हापूर आहे, राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे सगळे त्याच मातीतले. राहीने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं तेव्हा आमच्या घरी मुलीने रात्री झोपेपर्यंत तोच विषय लावला होता.

फक्त एक सांगते, जुन्या लष्करी पिस्तुलांसारखी दिसणारी गॅसची छर्ऱ्याची पिस्तुलं घेऊन निशाणा शिकू नका. दिसायला सुरेख असतात, पण पोलादी छर्रा कडक वस्तूवर आपटून उलट अंगावर येतो. चष्म्याशिवाय तर नकोच. आणि पडवीत उभं राहून नारळावर नेम धरणं बंद, पलीकडे कोणाचं अंगण आहे ते छर्ऱ्याला माहीत नसतं. आणि बाहेर हातात धरून फिरू नका, लांबून बघणाऱ्याला ते खरंच वाटतं.

चिपळूणची चिमणी (सध्या इंग्लंड)

कुडाळच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. मी ठासणीकडे यायच्या आधी वर्षभर एअर पिस्तूलच केलं होतं. ठासणीत चाप ओढल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत क्षणभर जास्त लागतो, चकमकीच्या पिस्तुलात तर तो उशीर जाणवतो, तेवढा वेळ हात धरून ठेवायची सवय एअर पिस्तुलानेच लागते.

आणि दादा, तुमची बोट इंग्लंडला लागली आणि क्लबाचा पाहुण्यांचा दिवस जुळला तर बघा, आमच्याकडे असे दिवस असतात, देखरेखीखाली चालवून बघता येतं. विकत घ्यायच्या आधी दहा बार काढून बघा, मग धुवून बघा. धुवायला कंटाळा आला तर घेऊ नका.

खाडीकाठचा (देवगड तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच्या वॉचनंतर सगळं परत एकदा वाचलं, तात्यांचं तर आमच्या चीफ इंजिनियरला वाचून दाखवलं.

इटलीतलं पिस्तूल घेत नाही. चालणारं आणायचं तर आयातीचा परवाना, पिस्तुलाचा परवाना, वर दारू, आणि चालवायला जवळपास जागा नाही, आणि सहा महिने घरी नसताना खारा वारा त्याचं काय करील ते ताईंनी बरोबर सांगितलं. चालणारी वस्तू न चालवता गंजायला ठेवणं मला जमणार नाही. आणि न चालणारी शोभेची घेऊन मला आजोबांच्या बंदुकीचं काही मिळणार नाही, हे लिहिता लिहिताच कळलं.

एअर पिस्तूल शिकायचं नक्की केलंय. सुट्टीत कोल्हापूरला बहिणीकडे राहून महिनाभर रोज रेंजवर जाईन, बायकोही येते म्हणतेय. कुडाळच्या ताई, मुलगी कुठे शिकली ते मला वेगळं कळवाल का?

आणि आज घरी फोन केला होता. बाबांना विचारलं बंदूक शेवटची कधी धुतली, तर म्हणाले मागच्या निवडणुकीत जमा केली होती ती परत आणल्यापासून तशीच खुंटीला आहे, गुडघ्यामुळे ओटीवर बसवत नाही. नूतनीकरणाची तारीखही जवळ आलीय. मी गणपतीच्या आधी चार दिवस पोचतोय. रानवाटेवरचे दादा, गज काढून नळी रिकामी आहे की नाही ते आधी कसं तपासायचं आणि घोड्याच्या स्प्रिंगला खोबरेल चालतं का दुसरं काही लावायचं, तेवढं सांगा, बाबांना शेजारी बसवूनच करणार आहे.

रानवाटेवरचा (लांजा)

आधी टोपी बसते ती जागा बघ, टोपी असेल तर घोडा धरून ठेवून काढ. मग गज नळीत हळूच सोड आणि तोंडाशी बोटाने खूण कर, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघ. बुडापर्यंत पोचला असेल तर रिकामी. दोन-तीन बोटं कमी पडली तर आत भार आहे असं समज, हात लावू नकोस, तोंड माणसांपासून लांब ठेव आणि मला फोन कर, मी येतो. परवाना बाबांच्या नावावर आहे तेव्हा सगळं त्यांच्यासमोरच कर. स्प्रिंगला खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होतं, शिवणाच्या मशीनचं तेल घे, एक थेंब. नळीला आतून पाणी कढत असू दे, कोमट नको, कढत असलं की नळी आपोआप वाळते.